मर्ल डोस्टलला कोणी पकडेना!

"शनिवारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा मिळायची नाही!" एल्मर क्रूसनं सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं आणि त्याच झोकात अंड्यावर मिठाऐवजी साखर भुरभुरवली.

उत्साहाला कारण होतं. दुसरं महायुद्ध संपून तीनेक वर्षं झाली होती, पण अमेरिकेतल्या आयोवातल्या त्या गावात एल्मर मॅनेजर असलेल्या थिएटरात अजूनही माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच सिनेमा बघायच्या. मालकानं बजावलं होतं, या शनिवारी हॉल भरला नाही तर इथे फर्निचरचं दुकान निघेल. नशिबानं चित्रपट झकास आला होता. छोट्या गावात नाव बदलून लपलेला फरारी, भिंतीवर लांबलचक सावल्या, पिस्तुलं! एल्मरनं बेत आखला. आपल्याच एका माणसाला फरारी करायचं, गावभर त्याचे फोटो लावायचे, पकडेल त्याला वर्षभर सिनेमा फुकट. दुपारपर्यंत तो सापडणार, संध्याकाळी पेपरात बातमी, शनिवारी हॉल तुडुंब!

फरारी म्हणून निवड झाली मर्ल डोस्टलची. मर्ल दारावर तिकिटं फाडायचा. नौदलातून परतल्यापासून तो इतकं कमी बोलायचा की तिकिटंच जास्त आवाज करायची. खुर्चीवर कुणाचे हातमोजे राहिले तर मात्र बर्फातून चालत घरी नेऊन द्यायचा.

"साहेब, कुणी विचारलं तर काय सांगू?"

"मी काहीच केलेलं नाही, एवढंच सांग! आणि चेहरा पाडून सांग."

चेहरा पाडायची मर्लला गरज नव्हती. तो मुळातच पडलेला होता.

शुक्रवारी सकाळी मर्ल निघाला. दुपार झाली. मर्ल नाही! चहाची वेळ टळली. मर्ल नाही! एल्मर बेचैन होऊन ऑरिन न्हाव्याच्या दुकानात शिरला.

"दुकान बंद आहे," ऑरिन म्हणाला.

"अरे, आत गिऱ्हाइकं बसलीत!"

"तुझ्यापुरतं बंद आहे."

एल्मर चक्रावून इर्मा नायगार्डच्या बेकरीत गेला. इर्मा विधवा होती, आणि तिच्या हातातलं लाटणं पाहून भलेभले सरळ व्हायचे.

"इर्मा, मर्लला पाहिलंस?"

"कोण मर्ल?"

तेवढ्यात पिठाच्या पोत्यांमागून सणसणीत शिंक आली. पाठोपाठ हळूच "माफ करा" असंही आलं.

"मांजर आहे," इर्मा म्हणाली.

"मांजर माफी मागतं?"

"चांगल्या घरातलं आहे!"

एल्मर आनंदानं पोत्यांकडे झेपावला. लाटणं त्याच्या नाकासमोरून गेलं! तो सावरेपर्यंत मागचं दार वाजलं, आणि पाद्रीबुवांची गाडी मर्लला घेऊन धुरळा उडवत पसार झाली. पाद्रीबुवा! ज्यांनी गाडी कधी बैलगाडीपेक्षा जोरात हाकली नव्हती!

घरी आला तर बायको लोर्ना डोळे पुसत बसलेली.

"लाज नाही वाटली तुला? तो गरीब माणूस तुझ्याकडे राब राब राबला, आणि तू त्याला चोर ठरवलंस?"

"चोर? मी?"

तिनं खांबावरून ओरबाडून आणलेलं पोस्टर त्याच्यापुढे फेकलं. वर म्हशीएवढ्या अक्षरांत "फरारी! याला पकडा!" खाली मर्लचा केविलवाणा फोटो. त्याखाली "बक्षीस." आणि सिनेमाचं काय? छापखानेवाल्यानं विचारलं होतं, "सिनेमाच्या ओळीला जागा नाही, बारीक करून कोपऱ्यात टाकू?" आणि एल्मर म्हणाला होता, "टाक की, वाचतो कोण!" त्यानं टाकली होती. पोस्टर खांबाला गुंडाळल्यावर ती पार मागे गेली होती.

एल्मरनं टेलिफोन उचलला. ऑपरेटर बाईनं आवाज ओळखला. "तुम्हाला आज लाइन मिळणार नाही!" खट्!

शनिवारी संध्याकाळी एल्मर तिकीटखिडकीत डोकं धरून बसला होता, तोच अख्खं गाव चालून आलं. पुढे पाद्रीबुवा, त्यांच्याबरोबर शेरीफ. सगळे थेट आत घुसले आणि खुर्च्यांवर ठाण मांडून बसले.

"मर्लवरचा आरोप मागे घे, नाहीतर आम्ही हलणार नाही!"

एल्मर पडद्यासमोर उभा राहिला. "आरोप नाहीच! ही सिनेमाची जाहिरात होती. चूक माझी. मर्लइतका सरळ माणूस या गावात नाही. मला तर त्याच्याशिवाय दारही उघडता येत नाही."

मधल्या रांगेतून इर्माशेजारचा मर्ल उभा राहिला. दोन दिवसांत गालांवर चरबी आली होती.

"अरे, सिनेमासाठी आहे हे सांगायचं नाही का?" एल्मर कळवळला.

"सांगत होतो, साहेब. पण मिसेस नायगार्ड म्हणायच्या, बोलू नकोस, खा." मर्लचे कान लाल झाले. "आणि खरं सांगू? माझ्यासाठी इतकी माणसं धावतील असं मला वाटलंच नव्हतं. थोडं लपून राहावंसं वाटलं."

इर्मानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं, आणि तो हात काही परत दिला नाही.

"आलोच आहोत तर दाखव सिनेमा!" कुणीतरी ओरडलं. पाद्रीबुवांनी तिकिटाच्या पैशांसाठी स्वतःची हॅट फिरवली, ती नोटांनी भरली. मागे उभ्या मालकाला बसायला खुर्ची मिळाली नाही. फर्निचरचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

सोमवारी एल्मर छाती काढून ऑरिनच्या खुर्चीत बसला. ऑरिननं साबण लावला, वस्तरा गळ्याशी आणला आणि कानाशी वाकून कुजबुजला,

"आता आपण दोघंच आहोत. खरं सांग, मर्लनं केलं होतं तरी काय?"

"अरे, काहीच केलं नव्हतं!"

ऑरिननं समजुतीनं मान हलवली. "हं. तोही तेच म्हणत होता."