तीन समांतर रेघा

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. अलिबागेत सुरूच्या झाडांखालच्या वाहनतळावर तेरा मोटारसायकली उभ्या होत्या. चौदावी लावण्याचे काम काळूराम म्हात्रे यांनी हाती घेतले होते, आणि त्या कामाला बारा मिनिटे होऊन गेली होती.

काळूराम तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले होते. आज ते निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला आले होते. गाडी मात्र जावयाची, रितेशची होती. एकवीस दिवसांची, काळी, तोंड दिसेल इतकी चकचकीत. गेल्याच महिन्यात रितेशच्या जुन्या गाडीला बाजारात ओरखडा पडला होता. तेव्हा सासऱ्यांनी त्याला भरल्या ताटावर चाळीस मिनिटे सुनावले होते आणि गाडी कशी लावावी याची आकृतीही काढून दिली होती. आज चावी देताना रितेश एवढेच म्हणाला होता, "मामा, तुम्हाला मी काय सांगणार!" आता या गाडीला काही झाले, तर जावयापुढे मान वर करण्याची सोय राहणार नव्हती.

म्हणून त्यांनी स्टँडखाली घरून आणलेला फळीचा तुकडा ठेवला, कारण जमीन रेताड होती. दोन्ही बाजूंना साठ-साठ सेंटिमीटर अंतर पोलादी टेपने मोजले. टेप पुन्हा कमरपट्ट्याला अडकवला. मग डाव्या बाजूने टाकीवर ओणवे होऊन उजवी मूठ हलवली आणि हँडलचे कुलूप लागल्याची खात्री केली. एकदा नव्हे, तीनदा.

समोर शहाळी विकणारी भागुबाई कोयता थांबवून पाहत होती. "दादा, गाडी लावताय का घर बांधताय?"

"बाई, पद्धत म्हणून काही असते," काळूराम म्हणाले आणि कचेरीकडे गेले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ते हयात असल्याचे कागदोपत्री मान्य झाले. अकरा तीसला ते गाडीपाशी परतले आणि जागच्या जागी थिजले. टाकीच्या डाव्या अंगावर ओरखडे होते. तीन रेघा, अगदी समांतर.

त्यांनी कमरेचा टेप काढून मोजमाप घेतले. लांबी साडेसात सेंटिमीटर, जमिनीपासून उंची चौऱ्याऐंशी.

"दादा, सांगू काय?" भागुबाईने विचारले.

"थांबा हो बाई, मोजतोय."

डावीकडच्या गाडीला माशांची पेटी अडकवायचा लोखंडी सांगाडा होता. त्याच्या कोपऱ्याची उंची भरली त्र्याऐंशी. काळूरामांचे डोळे चमकले. तेवढ्यात त्या गाडीचा मालक अल्पेश शिटी वाजवत आला.

"ही गाडी तुमची? या कोपऱ्याने माझ्या टाकीवर तीन रेघा ओढल्या आहेत."

"काय काका! माझी गाडी तिकडे, तुमची इकडे. मधून म्हैस जाईल आरामात!"

"अंतर मीच ठेवले होते."

"मग माझा सांगाडा काय हात लांब करून आला?"

"अवो दादा, मी बघितलंय..." भागुबाई उठून उभी राहिली.

"बाई, आधी प्रयोग, मग साक्ष!" काळूरामांनी तिला हातानेच बसवले. "प्रात्यक्षिक करून दाखवतो."

प्रात्यक्षिकासाठी दोन्ही गाड्या जवळ आणणे भाग होते. त्यांनी कुलूप काढले, गाडी साठ सेंटिमीटर डावीकडे सरकवली, स्टँडवर टेकवली आणि कोपरा टाकीला कुठे लागतो ते पाहायला खाली वाकले. फळी जुन्या जागीच राहिली होती.

स्टँड रेतीत शांतपणे रुतला. गाडी डावीकडे कलली ती अल्पेशच्या गाडीवर, अल्पेशची शेजारच्या स्कूटरवर, आणि डावीकडच्या पाचही गाड्या जेवणाच्या पंगतीसारख्या एका ओळीत बसल्या. शेवटच्या आरशाचा खळ्ळ आवाज झाला. मघाशी आपल्याला हयात ठरवणाऱ्या कारकुनाने थोडी घाई केली, असे काळूरामांना वाटून गेले.

"आता तरी बोलू काय?" भागुबाई म्हणाली. "त्या रेघा तुमच्याच कमरेच्या डब्यानं पडल्यात. वाकून वाकून मूठ हलवत व्हता, तवा घासत व्हता. तीन वेळा वाकलाव, तीन रेघा. मघापासून सांगतंय, पन तुमी आयकाल तर!"

काळूरामांनी टेपचा कोपरा वरच्या रेघेवर ठेवला. चपखल बसला. ज्याने नुकसान केले, त्यानेच ते मोजले होते, आणि दोन्ही वेळा अचूक.

अल्पेशने हसत हसत गाड्या उचलायला हात लावला. "जाऊ द्या काका, माझ्या गाडीला सवय हाय."

शेवटी त्यांनी रितेशला फोन लावला आणि काहीही न वगळता, क्रमवार सांगितले.

"मामा, तुम्हाला लागलं नाही ना?"

"नाही, रितेशराव."

"मग झालं तर. सावकाश या." तो थोडा घुटमळला. "आणि मामा... येताना आकृती काढून आणा."

काळूरामांनी दाखल्याच्या पोचपावतीची कोरी बाजू काढली आणि आकृतीखाली नोंद केली: ओरखडे, शोधापूर्वी ३, शोधानंतर १७.