खिडकीकडची ओळ

मी वर्गात रंगात येऊन शिकवत असताना अचानक ट्यूब विझल्या. वीज गेली असं वाटून थांबलो, तर दारात गेनूतात्या बटणावर बोट ठेवून उभे. "सर, अकरा वाजल्यात. सूर्य काय रजेवर हाय?" एवढं विचारून ते पुढच्या वर्गाकडे गेलेसुद्धा. मुलं खो-खो हसली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूरच्या कॉलेजातली माझी पहिलीच नोकरी, आणि वायरमननं माझा असा पचका करावा?

वायरमन दिवे लावतो अशी माझी समजूत. हे गृहस्थ दिवे बंद करण्याचा पगार घेत. रिकाम्या खोलीत ट्यूब जळताना दिसली की यांच्या पोटात कळ यायची. खिशात कायम ओलं फडकं. ट्यूब उतरवून पुसत म्हणायचे, "निम्मा उजेड ही धूळच खाती." ऑफिसात खिडकीला कपाट टेकवून भर दुपारी ट्यूब जाळायची पद्धत होती. हेडक्लार्क जेवायला गेल्याचं बघून तात्यांनी कपाटच सरकवलं. खंडेनवमीला सगळ्यांनी आपापली हत्यारं पुजली. तात्यांनी पक्कड बाजूला ठेवली आणि त्या खिडकीला झेंडूचा हार घातला. हेडक्लार्क आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

परीक्षा जवळ आल्या असताना प्राचार्यांनी फर्मान काढलं. विजेचं बिल महिन्याभरात उतरलं नाही, तर वाचनालय रात्री आठऐवजी संध्याकाळी पाचलाच बंद. होस्टेलची मुलं तिथंच अभ्यासाला बसत. तात्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हैनाभर द्या साहेब," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी रविवारही सोडला नाही. प्रत्येक वर्गात सगळ्या ट्यूब एकाच बटणावर होत्या. तात्यांनी खिडकीकडची ओळ वेगळी केली, भिंतीकडची वेगळी. बटणांशेजारी रंगानं लिहिलं, 'खिडकी' आणि 'भिंत'. मी सवयीनं दोन्ही दाबली की दाराबाहेरून खोकला ऐकू यायचा.

बिल उतरलं. फर्मान मागं घेतलं गेलं. मी म्हटलं, "तात्या, पोरं दुवा देतील तुम्हाला."

"पोरांचं तर हायच," ते फडकं पिळत म्हणाले. "पण सर, पाचला घरी जाऊन मी करू काय? मंडळी गेल्यापास्नं तिन्हीसांजेला घरात दिवा लावायला कुणी न्हाय. हितं आठपातुर चार माणसांत बरं वाटतं."

मला फार वाईट वाटलं. या माणसावर मी उगीच इतके दिवस मनातल्या मनात डाफरत होतो.

त्याच संध्याकाळी वाचनालयात गेलो. परीक्षा संपल्यामुळे एकही मुलगा नव्हता. तात्या एकटेच एका ट्यूबखाली पेपर वाचत बसले होते. मी पलीकडच्या टेबलाशी बसलो आणि तिथली ट्यूब लावली. तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. उठले, माझी ट्यूब बंद केली आणि आपल्या शेजारची खुर्ची पुढं ओढली.

"हिकडं बसा. दोघांत एक पुरं."