गॅलरीतला सहमालक

भाईंदर पश्चिमेचा दोन खोल्यांचा फ्लॅट पुन्हा बँकेकडे गहाण ठेवायचा, हे हरिश्चंद्र चुरींनी निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात ठरवलं. बिल्डिंगखालचा गाळा विकायला निघाला होता आणि तिथे त्यांना टायपिंगचा क्लास काढायचा होता. फ्लॅटचं पहिलं कर्ज फिटून वर्षही झालं नव्हतं. पण बँकेच्या मॅनेजरने अर्जावरचं वय पाहिलं आणि कागद परत सरकवला. "आजोबा, आता आराम करा."

नकारापेक्षा त्यांना 'आजोबा' जास्त लागलं. उर्मिलाबाई टेलिफोन खात्यात सुपरवायझर, त्यांची अजून नऊ वर्षं नोकरी बाकी. त्यांनी आपल्या नावाने अर्ज केला आणि शनिवारी बँकेचे अधिकारी भोईर घर बघायला आले.

बेल वाजताच हरिश्चंद्र गॅलरीकडे पळाले. "मला बघितलं की पुन्हा वय काढतील. मी बाहेर गेलोय म्हणून सांग!"

"अहो, पण..."

दार धाडकन लागलं आणि आतली सैल कडी आपोआप पडली.

भोईरांनी किचन पाहिलं, मोरी पाहिली. "आता गॅलरी दाखवा."

"तिथे रंगकाम चाललंय," उर्मिलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

भोईरांनी कडी काढली. हे सगळं ऐकलेले हरिश्चंद्र लेंगा-बनियनवर, भिंतीकडे तोंड करून, झाडूने कोरडी भिंत रंगवत होते.

"रंग किधर है?"

"आनेवाला है, साब."

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून चंपाबेन ओरडल्या, "हरिश्चंद्रभाई, रिटायर होके झाडू मारते हो? मेरेवाले को भी सिखाओ ना!"

भोईरांनी शांतपणे फाइल उघडली. "सहमालक, हरिश्चंद्र चुरी. तुम्हीच काय?"

हरिश्चंद्रांनी झाडू खाली ठेवला. "मीच. रिटायर झालोय. अठ्ठावन्न पूर्ण."

"मग लपताय कशाला? पगार बाईंचा धरलाय. मला फक्त तुमची सही पाहिजे. ती मिळाली नसती तर फाइल बंद करून निघालो असतो!"

हरिश्चंद्रांनी उभ्या उभ्या, भिंतीवर कागद टेकवून सही केली. उर्मिलाबाईंनी चहा टाकला.

"गाळा कशाला घेताय?" भोईरांनी विचारलं.

"टायपिंगच्या क्लाससाठी."

भोईरांचा कप ओठांशीच थांबला. आवाज एकदम खाली आला. "इंग्लिश चाळीसचं शिकवाल, मिनिटाला चाळीस शब्दांचं? प्रमोशन अडलंय. तीनदा नापास झालोय."

दिवाळीनंतर क्लास सुरू झाला. रजिस्टरमध्ये पहिलं नाव भोईरांचं लागलं. संध्याकाळी ते बँकेतून थेट यायचे आणि कॉलेजच्या पोरींच्या रांगेत बसायचे.

"भोईर, पाठ ताठ! बोटांकडे बघायचं नाही."

"हो, सर," साहेब म्हणाले आणि घाईघाईने ताठ बसले.