गाडीत अडकलेलं मत

"शनिवारी सकाळी मोकळे राहा," स्मिताने नवऱ्याच्या मित्राला, मुकुलला, फोनवर सांगितलं. "दिलीपच्या डोक्यात स्पोर्ट्स कार घेण्याचं आलंय. पन्नाशी जवळ आली की लोक चालायला जातात, हा दोन सीटांची गाडी घेणार. माझं ऐकत नाही. तुम्ही शोरूममध्ये या आणि त्याला समजवा."

मुकुलला इतकं आवडीचं काम बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं. त्याच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. सिंगापुरात गाडी घ्यायची तर आधी ती बाळगण्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो परवानाच गाडीच्या तोडीस तोड महाग. त्यामुळे तो पासिर रिसच्या घरून ऑफिसला एमआरटीनेच, म्हणजे तिथल्या मेट्रोने, जायचा. पण गाड्यांबद्दल त्याला मतं होती, आणि मतं बाळगायला परवाना लागत नव्हता.

शोरूममध्ये दिलीप एका लाल गाडीपाशी उभा होता. बँकेत रोज मोठमोठे आकडे बघणारा हा माणूस त्या गाडीकडे मात्र जिलबीकडे बघावं तसा बघत होता. डेस्मंड नावाचा तरुण सेल्समन अदबीने बाजूला उभा होता.

मुकुलने गाडीभोवती शांतपणे एक चक्कर मारली.

"हिचा चेहरा बघ," तो म्हणाला. "हल्लीच्या सगळ्या गाड्या रागावलेल्या दिसतात. कुणावर रागावल्यात ते त्यांनाही माहीत नाही. आता हे भोक. हवा आत जायला आहे ना? घाल बोट."

दिलीपने बोट घातलं. ते काळ्या प्लास्टिकवर अडकलं.

"खोटं आहे. नुसती शोभा. आणि इंजिनाचा आवाज? तोही अर्धा स्पीकरमधून येतो. पूर्वीची स्पोर्ट्स कार हलकी असायची, साधी असायची. ही वजनाने हत्ती आहे, आणि पैसे कशाचे घेतात, तर पत्र्यावरच्या या सुरकुत्यांचे."

दिलीपचा चेहरा उतरला. स्मिताने त्याच्या पाठीमागून मुकुलकडे समाधानाने पाहून मान हलवली. मुकुलने तिथेच थांबायला हवं होतं. पण आतल्या भल्यामोठ्या स्क्रीनबद्दलही त्याला मत होतं.

दाराबाहेर तसलीच एक गाडी चक्कर मारून बघण्यासाठी उभी होती. मुकुल तिच्या डाव्या सीटवर बसायला वाकला. सीट त्याच्या अंदाजापेक्षा बरीच खाली होती. शेवटचं वीतभर अंतर तो बसला नाही, पडला. कमरेत काहीतरी कट्कन वाजलं.

मग काही घडलंच नाही अशा थाटात तो स्क्रीनबद्दल बोलू लागला. स्क्रीन संपल्यावर तो स्टिअरिंगवर आला, स्टिअरिंग संपल्यावर चामड्याच्या शिलाईवर. हळूहळू त्याची मतं संपली. तरी तो उतरेना.

"आवडली वाटतं तुला," दिलीप आशेने म्हणाला. "स्मिता, बघ. याच्यासारखा माणूस उठायला तयार नाही."

स्मिता पुढे आली. "मुकुल, उतरा बघू."

"उतरतो."

"तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?"

"वहिनी," मुकुल हळूच म्हणाला, "मी आत्ता कुठल्याच बाजूला वळू शकत नाही."

मग धावपळ झाली. दिलीपने हात ओढले, डेस्मंडने खांद्यांना आधार दिला. मुकुलच्या तोंडून असा आवाज निघाला की शोरूममधली सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली. शनिवारच्या गर्दीत दारात अँब्युलन्स यावी, ही कल्पना डेस्मंडला सोसेना. "नोव्हेनाचं हॉस्पिटल जवळच आहे, सर," तो इंग्रजीत म्हणाला. "याच गाडीने नेऊ. कॅन, कॅन, होईल सगळं."

पण न्यायचं कुणी? दिलीपने खिसे चाचपले. लायसन्स घरी, दुसऱ्या पँटमध्ये. डेस्मंड फोन लावून साहेबांची परवानगी मागू लागला. तेवढ्यात स्मिता स्टिअरिंगमागे जाऊन बसली. "माझं पर्समध्ये असतं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं मागून या."

घरची जुनी गाडी नेहमी दिलीपच चालवायचा, त्यामुळे सुरुवातीला ती जपून चालवत होती. प्रत्येक सिग्नलला मुकुल कण्हत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने अ‍ॅक्सिलरेटरवर थोडा जोर दिला, तशी सीटने त्याची पाठ घट्ट धरली.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"जोर दिला की जरा बरं वाटतं," मुकुल प्रामाणिकपणे म्हणाला. तिथेच त्याचं चुकलं.

नोव्हेनाचं वळण स्मिताने दोनदा चुकवलं. त्यातल्या पहिल्या वेळी ते खरोखरच चुकलं होतं.

हॉस्पिटलच्या दारात दोन वॉर्डबॉईजनी मुकुलला कपाटातून गादी काढावी तसं गाडीतून बाहेर काढलं. डॉक्टरांनी तपासलं, स्नायू धरलाय म्हणाले, आणि नर्सने इंजेक्शन दिलं. "थोड्या वेळाने गुंगी येईल," ती सांगून गेली. मुकुल उताणा पडून राहिला. दुखणं होतंच, पण घाबरण्यासारखं काही नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं.

इतक्यात दिलीप आत आला. त्याचा चेहरा अगदी निवळला होता.

"तुझं सगळं पटलं मला," तो खुर्चीत बसत म्हणाला. "तुझी अवस्था बघितली आणि डोकं ठिकाणावर आलं. डेस्मंडने मला सात सीटांच्या गाडीतून आणलं. काय सांगू, वाकावं लागत नाही, पडावं लागत नाही. खुर्चीवरून उठल्यासारखं उतरलो. घ्यायची तर तीच."

मुकुलला धन्य वाटलं. सोपवलेलं काम झालं होतं. त्याने कौतुकाच्या अपेक्षेने स्मिताकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी राहून खाली पार्किंगमध्ये बघत होती.

"लाल जरा भडक दिसते," ती म्हणाली. "डेस्मंडला विचार ना, निळी मिळेल का."

"सात सीटांची?"

"छे. दोन."

दिलीप खुर्चीतून उठला. "अगं, पण ती भोकं खोटी आहेत. आवाज खोटा आहे. मुकुलनेच सांगितलं."

"मुकुल बाहेर उभे राहून बोलत होते. आत बसल्यावर काय म्हणाले ते तुला कुठे माहीत आहे? जोर दिला की बरं वाटतं, म्हणाले. हो ना, मुकुल?"

"असं म्हणालास तू?" दिलीपने विचारलं. "बरं, तूच सांग. कुठली घ्यायची?"

दोघंही कॉटच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. गाड्यांबद्दल इतक्या मनापासून मुकुलचं मत आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

मुकुलने डोळे मिटून घेतले आणि श्वास संथ केला. गुंगी यायला अजून बराच अवकाश होता, पण ते त्याने कुणाला कळू दिलं नाही.