मावाशी गेरी आणि करमाडची जीप

त्या रविवारच्या कराटेच्या परीक्षेनंतर पिवळा पट्टा माझ्या कमरेला असणार म्हणजे असणारच होता! शनिवारी पोस्टातल्या सगळ्या काउंटरांना मी तसं जाहीरच करून टाकलं. "यापुढं रांगेत कुणी हुज्जत घातली तर मला हाक मारा!"

दिवसभर शिक्के मारून माझा उजवा हात असा तयार झालाय, की ठोसा मारायला वेगळं शिकावंच लागलं नाही. लाथेचंही तसंच. बेचाळिशीतल्या बाईची लाथ जिथवर जावी, त्याच्या वीतभर वर माझी जायची. घोडं अडत होतं ते एकाच ठिकाणी. जपानी!

कराटेत नुसती लाथ मारून भागत नाही हो, तिचं नावही सांगावं लागतं. आमचे मंदार सर याबाबतीत फार कडक. "करुणाताई, लाथ काय, गाढवही मारतं! नाव सांगून मारेल तो कराटेवाला."

हे दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातलं. चिकलठाण्याला आमची सोसायटी नवीकोरी. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या जोरावर जालना रोडला अशा सोसायट्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, पाऊस नसतानासुद्धा! घरात नळ पाच, पाणी एकालाही नाही. सगळा कारभार टँकरवर. बिल्डरनं चित्रात दाखवला तसा पोहण्याचा तलाव बांधून दिला होता, पण त्यात थेंब म्हणून पडला नाही. मग त्या कोरड्या, फरशी लावलेल्या खड्ड्यात मंदार सरांनी कराटेचा वर्ग काढला. आवाज असा घुमायचा, की आत कुणी शिंकलं तर सहाव्या मजल्यावरून विचारायचे, "काढा करून देऊ का?"

तर जपानी. पाठ करून करून जीभ सुजली, पण डोक्यात काही राहीना. आणि एक दिवस भाकरी थापता थापता डोक्यात उजेड पडला! पुढं मारायची लाथ, माए गेरी. म्हणजे काय? माय गेली! मागं मारायची ती उशिरो गेरी. उशिरा गेली! आणि गोल फिरवून मारायची ती मावाशी गेरी. मावशी गेली! अहो, जपानी म्हणजे आपल्याच गावची भाषा निघाली!

माझ्या नवऱ्याला, इंद्रजीतला, हे सांगितलं तर तो दचकला. "यात नवरा कुठं जात नाही ना?"

"नाही. योको गेरी आहे. बायको गेली."

"ती कधी शिकवणारेत?" म्हणाला!

त्याच आठवड्यात माझी कडूबाई मावशी करमाडहून आमच्याकडं आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन शुक्रवारी झालं, आणि डोळ्यावर काळा चष्मा लावून ती आमच्या दुसऱ्या मजल्यावर आराम करत होती. "डाक्टरनं डोक्यावरून पाणी घ्यायचं नाय म्हणून सांगितलं," मावशी म्हणाली, "तुमच्या टँकरला तेवढाच आधार!" रडायचंही नाही, अशीही डॉक्टरची ताकीद होती.

रविवार उजाडला. इंद्रजीत शेंद्र्याला पहिल्या पाळीला गेला. कंपनीत मोबाइल गेटवरच काढून घेतात, त्यामुळं तो दुपारपर्यंत जगात नसल्यासारखाच. मी पांढराशुभ्र कराटेचा पोशाख चढवला आणि परीक्षेआधी एकटीच तलावात उतरून सराव सुरू केला. तेवढ्यात तलावाच्या कडेला ठेवलेला फोन वाजला. करमाडचा सांडूमामा! हा बोलायला लागला की बैलाच्या शिंगापासून सुरू करून शेपटीला पोचेपर्यंत थांबत नाही. नंतर करू, म्हणून मी घामेजल्या अंगठ्यानं फोन कापला आणि परत सरावाला लागले.

फोन कापलाच गेला नव्हता. लाल दाबायच्या ऐवजी हिरवं दाबलं गेलं होतं!

मामानं फोन केला होता तो बहिणीच्या डोळ्याची चौकशी करायला. आणि त्याला काय ऐकू आलं? खोल विहिरीतून यावा तसा भाचीचा आक्रोश!

"मावशी गेलीऽऽ! हाऽऽऽय! उशिरा गेलीऽऽ! हाऽऽऽय!"

मामानं नंतर स्वतः सांगितलं, "ऊर बडवायचा धप् धप् आवाज बी येत हुता." तो माझ्या पायांचा होता हो!

त्यानं परत परत फोन लावला, पण तोवर परीक्षेला मुलं जमली होती, आणि सरांच्या नियमाप्रमाणं माझा फोन गप्प होऊन पिशवीत गेला होता.

आधी तास-दीड तास कवायत झाली, मग परीक्षा सुरू झाली. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसलो. सर गरजले, "रेई!" म्हणजे नमस्कार. लहानमोठे सगळे पांढऱ्या कपड्यांत, कपाळं फरशीला टेकलेली, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

मी डोकं वर केलं आणि बघते तर काय! तलावाच्या चारी कडांना माझं अख्खं माहेर! सांडूमामा, मामी, माझी माय, भावकीतल्या बायका. काळी-पिवळी जीप गच्च भरून आली होती, आणि उरलेले मागून टेम्पोत! आमच्यात दुःखाला पांढरं घालून जातात, ते मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, माझी परीक्षा बघायला आलेत! पांढऱ्या पोशाखाला पांढरा पोशाख! काय ती माया! ऊर भरून आला माझा. मी खालूनच मोठ्ठं हसून हात हलवला.

मामीनं तोंडावर पदर घेतला. "आगं बया! हासती! डोक्यावर परिणाम झाला लेकराच्या!"

मामा मात्र खाली पाहत गहिवरला होता. "सोसायटी किती चांगली, बघा. लेकरंबाळं समदी दुखवट्याला बसली."

तेवढ्यात सरांनी हुकूम सोडला, "मावाशी गेरी! हाजिमे!" हाजिमे म्हणजे करा सुरू. सगळी मुलं एका दमात ओरडली, "मावाशी गेरी!"

"व्हय रं लेकरांनो, गेलीऽऽ!" मामानं हंबरडा फोडला आणि त्याच्यामागं सगळी कड रडायला लागली.

माझ्या लाथा बघून आनंदाश्रू आले म्हणायचे! मग काय, मी आणखी जोर लावला. हसतमुखानं एकेक लाथ हाणत बेंबीच्या देठापासून ओरडले, "मावशी गेली! मावशी गेली!"

"मावशीचा येवढा राग हुता व्हय गं तुला?" मायनं वरून टाहो फोडला.

आता मात्र माझा पाय हवेत थांबला. राग? कसला राग?

तोच सोसायटीचे चिटणीस अनंतराव जोशी कडेला आले. टँकरचा सगळा हिशेब यांच्या हातात. बादलीभर जास्त मागितलं तर पंचांग बघितल्यासारखं तोंड करणारा माणूस! पण आज त्यांनी हात जोडले होते. "करुणाताई, पाहुण्यांकडून कळलं. आम्ही सगळे तुमच्या दुःखात सहभागी आहोत. एवढी मंडळी आलीत, हातपाय धुणं आहे, अंघोळी आहेत. आजचा सबंध टँकर तुमच्या टाकीत सोडायला सांगितलाय. कुणाचीही हरकत नाही."

सबंध टँकर! त्या उन्हाळ्यात कुणी जमिनीचा तुकडा दिला असता, पाण्याचा टँकर नसता दिला! मी विचारलं, "पण... गेलं कोण?"

"आसं काय करती पोरी," मामा डोळे पुसत म्हणाला. "तूच तर सकाळी फोनवर सांगितलंस. आक्का गेली!"

"सांडू! काय कालवा लावलाय रं?" वरून आवाज आला.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काळा चष्मा लावून कडूबाई मावशी उभी! "कोण गेलं म्हणून रडताय? मला तर डाक्टरनं रडू बी नगं म्हणलंय!"

मामा मटकन खाली बसला. मामी किंचाळली. मायनं आधी "आक्का!" म्हणून दोन्ही हात वर केले आणि मग माझ्याकडं असं बघितलं, की खड्डा आणखी खोल असता तर बरं झालं असतं. मी माए, मावाशी, उशिरो सगळं सांगितलं. मामाला जपानी कळेना, आणि अनंतरावांना ऐकूच येईना. ते पंपाकडं धावत सुटले होते. "बंद करा! अहो, कुणी गेलेलं नाहीय! पाणी बंद कराऽऽ!"

उशीर झाला होता. सगळं पाणी आमच्या टाकीत! जे शेजारी मघाशी हळहळत होते, ते आता बादल्या घेऊन आमच्या दारात ओळीनं उभे. मावशी जिवंत असल्याचा एवढा संताप मी पहिल्यांदाच बघितला! शेवटी टाकीला नळी लावून घरोघर वाटप सुरू केलं, तेव्हा कुठं लोक जय भीम, नमस्कार करायला लागले.

इतकं सगळं झालं तरी मंदार सर जागचे हलले नव्हते. "करुणाताई, तोंडी परीक्षा राहिलीय. या."

गेले. करमाडची मंडळी कडेला पाय सोडून बसली. मावशीही लिफ्टनं खाली आली, तिला मध्यभागी खुर्ची दिली.

"पुढं मारायची लाथ?" सरांनी विचारलं.

"माए गेरी!" मी खणखणीत सांगितलं.

"शाब्बास. मागं मारायची?"

"उशिरो गेरी!"

"उत्तम. आता शेवटचं. गोल फिरवून मारायची?"

येत होतं हो! जिभेच्या टोकावर होतं! पण समोर मावशी. काळ्या चष्म्याआडून एकटक माझ्याकडंच बघत असलेली, नुकतीच मरणाच्या दारातून आमच्या गॅलरीत परतलेली. लहानपणी हिनंच मला कडेवर घेऊन करमाडचा बाजार दाखवलेला. भरल्या गोतावळ्यात, तिच्या तोंडावर ते कसं म्हणू?

"बोला, करुणाताई. मावाशी...?"

"मावाशी..." मी एकदा मावशीकडं बघितलं. "मावशी आहे!"

कडेवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीनं खुर्चीतूनच कानशिलावर बोटं मोडली. सरांनी मान हलवली आणि मला नापास केलं.

पट्ट्याचं मला फार वाईट वाटलं नाही, खरं सांगते. मावशीसाठी पट्टा सोडला, असं करमाडला माझं नाव झालं. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतंय. मंडळी जेवून निघाली तेव्हा जीपमध्ये चढताना माय एवढंच म्हणाली, "मावशीला घालवायला तुझी जीभ रेटंना. आन् मायला? चारचौघांत, खणखणीत!"

तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.