सबस्टेशनवर घरची माणसं

वीज कंपनीत इंजिनियर टिकत नाहीत, हे मुख्य कार्यालयाला मान्य होतं. ते का टिकत नाहीत, हे मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी शोधून काढावं, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीने पोरं भरती करायची, त्यांना काम शिकवायचं, आणि ती जरा उपयोगाची झाली की सोलर कंपनीने त्यांना अलगद उचलून न्यायचं, हा क्रम बिनबोभाट चालला होता. मोठ्या सबस्टेशनवर पाच इंजिनियरांच्या जागी आता तिघे उरले होते. त्यातल्या तिसऱ्याची दाढ सतत दुखत असल्याने तोही अर्धाच धरला जात असे.

मॅडमच्या जिवाला स्वस्थता नव्हती. फोन वाजला की त्यांना राजीनामाच दिसे. एखादा इंजिनियर बऱ्यापैकी शर्ट घालून आला की त्या जिन्यापर्यंत त्याच्या मागे जात आणि "आज काही विशेष?" असं सहज विचारल्यासारखं विचारत. "रोजचे धुवायला टाकलेत," असं त्याने सांगितलं तरी दुपारपर्यंत त्यांचा विश्वास बसत नसे.

अशाच एका बेचैन दुपारी त्यांना कल्पना सुचली. इंजिनियरांच्या घरच्यांना सबस्टेशन दाखवायचं. आपला माणूस केवढं मोठं काम करतो हे घरच्यांनी एकदा पाहिलं की तेच त्याला नोकरी सोडू देणार नाहीत.

"घरच्यांना कशाला मध्ये आणायचं?" सबस्टेशनचे मोठे साहेब म्हणाले.

"सर, अभिमान वाटेल त्यांना."

"अभिमान इथून फोटो पाठवूनही वाटेल की."

इंजिनियरांनीही फारसा उत्साह दाखवला नाही. ज्याला सगळे दाढी म्हणत, तो म्हणाला, "बायकोला सर्दी झालीय." सर्दी दहा दिवसांनंतरच्या रविवारीही असेल याबद्दल त्याला खात्री होती. सगळ्यांत तरुण, ज्याला चष्मा म्हणत, तो म्हणाला, "आईला प्रवास सोसत नाही, मॅडम." आई दोनच बसथांबे पलीकडे राहत होती. मॅडमना वाटलं, पोरं लाजतायत. म्हणून त्यांनी स्वतःच घरोघरी फोन लावले, आणि तिथेच सगळं फिसकटायला सुरुवात झाली.

रविवारी सकाळी मंडळी जमली. दाढीची बायको आली, तिला सर्दी नव्हती. चष्म्याची आई आली, तिच्या पिशवीत लेकासाठी स्वेटर होता. मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब आल्या. सुरक्षेसाठी सगळ्यांना हेल्मेटं दिली गेली. ती एकाच मापाची असल्याने बाईसाहेबांचं अंबाड्यावर तरंगत राहिलं आणि चष्म्याच्या आईचं नाकावर येऊन टेकलं.

पहिल्यांदा नियंत्रण कक्ष दाखवला. आत छान गार होतं. चष्म्याच्या आईने समाधानाने मान हलवली आणि पिशवीतून स्वेटर काढला.

"हीच तुझी केबिन ना रे? एसीत बसून सर्दी होते म्हणतोस ती?"

चष्मा आपल्या काचा पुसू लागला. साहेबांना मात्र माहिती द्यायची होती. "हा एसी यंत्रांसाठी आहे, आई. ती तापून चालत नाहीत. माणसं बहुतेक बाहेरच असतात."

"बाहेर म्हणजे कुठे?"

साहेबांनी खिडकीतून यार्ड दाखवलं. खडी अंथरलेलं भलंमोठं आवार, त्यात उंच लोखंडी सांगाडे, आणि सगळ्यातून सतत येणारी घूं अशी घरघर. कुंपणावर कवटीचं चित्र असलेली पाटी होती. आईने हेल्मेट वर सरकवून ती पाटी नीट वाचली.

"तू त्या कवटीच्या आत जातोस?"

"कधीतरी, आई."

"कधीतरी काय," साहेब कौतुकाने म्हणाले, "मागच्या महिन्यात वादळात ब्रेकर अडकला तेव्हा हाच गेला होता. बाकीचे नको नको म्हणत होते."

आई खुर्चीवर बसली. तिने स्वेटर मांडीवर ठेवला आणि पाणी मागितलं. आपण माणूस टिकवायला निघालो आणि ही बाई त्याला हाताला धरून घरी नेणार, हे त्यांना स्पष्ट दिसू लागलं. त्या घाईघाईने पुढे झाल्या.

"आई, तुम्ही उगाच काळजी करताय. असं वर्षातून एखाद्या वेळी होतं. एरवी ही मंडळी बसूनच असतात."

"बसूनच असतात?" हा प्रश्न आईने विचारला नव्हता. तो दाढीच्या बायकोने विचारला होता.

दाढी भिंतीवरचा नकाशा वाचू लागला.

"हे तर सांगतात की बारा बारा तास पायांवर उभे असतात," ती म्हणाली. "पाठ धरते म्हणून घरी पाण्याची बादलीसुद्धा उचलत नाहीत."

"म्हणजे बसतात, पण ताण असतो," मॅडम म्हणाल्या. "डोक्याला फार ताण असतो. म्हणून तर त्यांच्यासाठी विश्रांतीची खोली केलीय. बघता ना?"

दाढीने मॅडमकडे असं पाहिलं की पाहणाऱ्याला दया यावी. पण मॅडम उत्साहाने दार उघडून मोकळ्या झाल्या होत्या. खोलीत एक पलंग होता, एक कॅरम होता आणि पलंगावर निळ्या फुलांची गोधडी नीट घडी करून ठेवली होती.

बायकोने गोधडीचं टोक उचलून पाहिलं. "ही मी शिवलीय. गच्चीवरून चोरीला गेली म्हणून मी शेजारणीशी दोन वर्षं बोलत नाही."

आता काहीतरी चांगलं बोललंच पाहिजे, असं मॅडमना वाटलं, आणि घाबरलेल्या माणसाला सुचतं ते नेहमी चुकीचंच असतं.

"पण वहिनी, कंपनी सुट्ट्याही भरपूर देते. आठवड्याला चक्क दोन."

"दोन?"

"रविवार आणि बुधवार."

"बुधवारी तर तुम्ही डबा घेऊन जाता," बायको नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि त्यामुळेच दाढी एक पाऊल मागे सरकला.

"सांगतो," तो म्हणाला. "तळ्यावर जातो."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर म्हणजे, गळ टाकून बसतो. मासे धरायला."

"घरी तर कधी मासा आला नाही."

"लागतच नाही," दाढी अगदी खरं खरं म्हणाला. "विचारा साहेबांना."

साहेबांनी डोळे मिटले. बाईसाहेबांनी अंबाड्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"अहो, बुधवारी तर तुमची विभागीय बैठक असते ना?"

"असते," साहेब म्हणाले. "म्हणजे विभागातलेच असतो आम्ही. आणि बैठकच म्हणायची ती, बसूनच असते."

तेवढ्यात नियंत्रण कक्षात कर्कश भोंगा वाजला आणि लाल दिवा लुकलुकू लागला. "फॉल्ट," दाढी म्हणाला, आणि ज्याची पाठ बादलीसुद्धा उचलू देत नव्हती तो माणूस एका उडीत पलंग ओलांडून आत धावला. चष्मा धावला. दुखरी दाढ धरून तिसरा धावला. साहेब वयामुळे मागे पडले, पण तेही पोचले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.

काचेतून मॅडमना सगळं दिसत होतं. पॅनेलवर 'चाचणी' असं लिहिलेलं एक पिवळं बटण होतं आणि साहेबांचा अंगठा त्यावर होता. तसंच एक बटण विश्रांतीच्या खोलीच्या दाराशीही होतं. भोंगा वाजायच्या आधी साहेबांचा हात हळूच मागे तिकडेच गेला होता, ते आता त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी काचेवर टकटक केलं. साहेबांनी आतून हाताने खूण केली, फॉल्ट मोठा आहे, वेळ लागेल.

वेळ लागला. बायकांनी चहा घेतला, बिस्किटं संपवली. दाढीची बायको आणि बाईसाहेब बुधवारचा हिशेब लावत एका बाकावर बसल्या होत्या आणि त्यांची चांगलीच गट्टी जमली होती. चष्म्याची आई मॅडमजवळ येऊन बसली.

"राजीनामा तुमच्याकडेच द्यायचा ना?"

मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. "आई, एवढी घाई..."

"तसंही सोलरवाल्यांनी बोलावलंय त्याला. मला वाटलं होतं, असली एसीची नोकरी का सोडायची. आता म्हणते, जाऊ दे. तिकडे काय काम असतं हो?"

मॅडम इतक्या थकल्या होत्या की त्यांनी मनात कुठलीच जुळवाजुळव न करता उत्तर दिलं. "कारखान्यांच्या छपरांवर पॅनेलं बसवायची."

"छपरांवर?"

"हो. पत्र्याची असतात बहुतेक."

आईने हेल्मेट डोक्यावरून काढलं आणि बराच वेळ यार्डाकडे पाहिलं. "लहानपणी माळ्यावरून डबा काढायला चढवला तरी याला चक्कर यायची," ती म्हणाली. "इथे चढावं लागतं?"

"चढायला वेगळी माणसं आहेत."

"मग राहू दे इथेच. इथे निदान कुंपण आहे." आणि स्वेटर घडी करून तिने मॅडमच्या हातात दिला. "कवटीच्या आत जाताना घाल म्हणावं."

सोमवारी मॅडम राजीनाम्यांची वाट पाहत बसल्या. सकाळी चष्मा आला आणि सोलर कंपनीला नाही म्हणून कळवल्याचं सांगून गेला. चेहरा पडलेला होता. अंगात स्वेटर होता. दुपारी दाढी आला.

"मॅडम, बुधवारी मला ड्यूटी लावता का?"

"सुट्टी असते ना तुमची?"

"घरी माळा रंगवायचा ठरलाय. मग खिडक्या, मग जिना." त्याने आवाज खाली आणला. "रविवारी लावलीत तरी चालेल."

बुधवारी मोठे साहेबही सकाळी नऊच्या ठोक्याला हजर झाले. बुधवारी साहेब पाहायची सवय नसल्याने रखवालदाराने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं.

महिना उलटला, कोणी सोडून गेलं नाही. दुसरा उलटला. शेवटी मुख्य कार्यालयातून संचालकांचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदाने भरून आला होता.

"कमाल केलीत, मॅडम. माणसं सुट्टीच्या दिवशी कामावर येतायत, हे मी माझ्या नोकरीत प्रथमच बघतोय. हा उपक्रम आपण सगळीकडे करायचा. आणि पहिला कार्यक्रम इथे, आपल्या कार्यालयात. सुरुवात तुमच्यापासून. तुमचे मिस्टर, सासूबाई, सगळ्यांना घेऊन या. मी स्वतः त्यांना फिरवून दाखवेन, तुमच्या कामाच्या वेळा वगैरे समजावून सांगेन."

मॅडम खुर्चीत ताठ बसल्या. शनिवारी ऑफिस एक वाजता सुटतं, ही गोष्ट त्यांच्या घरी कोणालाच माहीत नव्हती.

"सर," त्या म्हणाल्या, "घरी सगळ्यांना सर्दी झालीय."