हरड सरांचा विलंबित क्रीडादिन

हरड सर खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून पाहतात. मग वाकून तिचे चारही पाय तपासतात. मग शिपायाला विचारतात, "काल हिच्यावर कोण बसला होता रे? काय झाला नाय ना त्याला?" एवढी चौकशी झाल्यावरही ते टेकतात अर्धेच. उरलेले अर्धे हरड सर उठायच्या तयारीत असतात.

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे आमची शाळा आहे. सर तिथे विज्ञान शिकवतात आणि मी मराठी. विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाने प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा गेल्या कित्येक वर्षांत पेटवलेला नाही. दिवा ते फळ्यावर काढतात आणि त्याच्यापासूनही दोन पावलं लांब उभे राहतात. त्यांचं पालुपद एकच, "आणि काय झालं तर?" सहल निघाली, काय झालं तर? पोषण आहारात वाटाणे आले, कुणाच्या नाकात गेला तर? पोरांनी त्यांचं नाव 'झालंतर सर' ठेवलं आहे. ते त्यांना ठाऊक आहे, पण रागावले आणि पोरगं घाबरलं तर, म्हणून ते रागावतही नाहीत.

अशा माणसाकडे क्रीडादिनाचं संगीत आलं, त्याला कारण घडलं होतं. गेल्या वर्षी आम्ही डीजे बोलावला. त्या दणक्याने पोरं अशी उधळली की रिलेतला एक गडी बॅटनसकट झेंड्याच्या खांबावर आदळला आणि पुढचा दात तिथेच ठेवून आला. पालक खवळले. शाळा समितीच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला. "यंदा एका पोराला जरी खरचटला, तर क्रीडादिन कायमचा बंद. आमाला नको ती पळापळ."

 आमच्या पोरांच्या वाट्याला वर्षातून हा एकच दिवस येतो. पाड्यावरची सविता नववीत होती. आठशे मीटर ती अनवाणी अशी पळायची की बाकीच्या पोरी तिची फक्त पाठ बघायच्या. क्रीडादिनच गेला, तर तिला पळताना बघणार कोण, आणि पुढे पाठवणार कोण?

तेव्हा हरड सर चाचरत उठले. "शास्त्रीय लावू. सगळा शांतपणे होईल." सर एकटेच राहतात आणि रोज संध्याकाळी रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकतात. त्यात अचानक काही होत नाही, हे त्यांचं त्यामागचं कारण.

मग पंधरा दिवस माझे हाल सुरू झाले. शाळा सुटली की सर मला स्टाफरूममध्ये अडवायचे. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात माझं मनगट. "जाधव, गप बस. नाडी बघतोय." सतार वाजली की आकडा यायचा, "ऐंशी. जलद वाजली तर पोरं उडतील." सनई लागली. "नको, लोक अक्षता शोधतील." सारंगीला तर त्यांनी दोन मिनिटंही दिली नाहीत. "आमच्या लहानपणी रेडिओवर सारंगी लागली का म्हातारे विचारायचे, कोण गेला?" बासरीला माझी नाडी सत्तरवर आली. सर खूश झाले, पण क्षणभरच. "बासरीनं गुरं मैदानात आली तर?" शिवाय सकाळी नऊला संध्याकाळचा राग लावला आणि काय झालं तर, ही काळजी वेगळीच.

संचलनासाठी त्यांनी रूपक तालातली एक गत निवडली. "गरीब ताल आहे. कुणाला ढकलत नाय." रूपक गरीब असेल, पण सात मात्रांचा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, डावा पाय आपटायचा असं सरांनी पोरांना शिकवलं. पहिल्या फेरीत सम आली डाव्यावर, दुसऱ्या फेरीत उजव्यावर. ते सांभाळायला अख्खी शाळा दर सात पावलांनी एक उडी मारून पाय बदलू लागली. तिसऱ्या फेरीत पाचवी सहावीवर चढली आणि सातवी धुळीत बसली. सर कानांवर हात ठेवून उभे होते. रात्रभर त्यांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी निमूटपणे सोळा मात्रांचा तीनताल आला.

क्रीडादिनाच्या सकाळी मीही खुर्ची हलवून बसलो. सरांची भीती मला पुरती लागली होती. भाऊ पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. शंभर मीटरला आलाप लागला आणि पोरं खरोखरच देवळात निघाल्यासारखी पळाली. एक आजी पेंगू लागल्या. लंगडी, गोळाफेक, पोत्यांची शर्यत, सगळं पार पडलं. कुणाला साधी ठेचही लागली नाही.

शेवटी मुलींची आठशे मीटर. सरांनी तिला लांबलचक, संथ लयीतली विलंबित सतार लावली होती. पहिल्या फेऱ्या बेतानं गेल्या. मग सतार हळूहळू चढायला लागली. सरांचा चेहरा उतरला. "जाधव, शेवटचा तुकडा कापायचा राहिला रे."

साउंडवाला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला चहा पीत होता. मी हात हलवले, ओरडलो. सतार आता नुसती कोसळत होती. पोरींचे पाय तिच्याबरोबर सुटले आणि सविता सगळ्यांच्या पुढे. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त भीती वाटत होती. वळणावर तिचा पाय मुरगळला आणि ती तोंडावर आपटली. ती उठेना. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

शेजारून काहीतरी सुटलं. ते हरड सर होते. काठ्यांसारखे ताठ हात, गळ्यातली शिट्टी मागे उडतेय, एक चप्पल कधीच निघालेली. सविताजवळ पोचता पोचता ते स्वतःच आडवे झाले. मी पोचलो तेव्हा ते तसेच पडल्या पडल्या तिचा हात धरून विचारत होते, "पोरी, बोल. बोल ना गो."

"सर, हात सोडा," सविता धापा टाकत म्हणाली, "मला पळायचाय." हात हिसडून ती उठली आणि निघाली. तिसरी आली.

भाऊ आले. चुन्याच्या पांढऱ्या रेषेवर लाल थेंब होते. "रक्त कुनाचा?"

सरांनी सोललेलं कोपर पुढे केलं.  "माझा. पोरं सगळी धड हायत."

भाऊंनी लांबवर लंगडणाऱ्या सविताचा खरचटलेला गुडघा पाहिला. मग सरांच्या कोपराकडे बराच वेळ पाहिलं. "मी पोरांचा बोललो होतो," ते म्हणाले. "मास्तरांचा काय ठरला नव्हता." आणि बक्षिसं द्यायला गेले.

आधी मी सविताचा गुडघा बांधला, मग ऑफिसात सरांचं कोपर धुतलं.  मी म्हटलं, "सर, तुम्ही एवढं पळता हे माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे माहीत होता?" ते कापसाकडे बघत म्हणाले. "बाप सिद्धगडच्या रानात हिरड्याच्या झाडावरून पडून गेला. मी चार वर्षांचा. तवापासून आईनं मला धावू दिलाच नाय. शाळेत खेळ असले का मी पोरांचे कपडे सांभाळत बसायचो. आई गेली, पन ती सवय कोण मोडणार? आज पहिल्यांदा पळालो, जाधव. या वयात."

 मी पट्टी गुंडाळत राहिलो.

त्यांनी अगदी हळू विचारलं, "किती मीटर भरला असेल रे?"

आमच्या खुर्च्यांपासून त्या वळणापर्यंत फार तर चाळीस.

"शंभर," मी म्हटलं. "सहज शंभर भरेल, सर."

 सर खुर्चीत मागे सरकले आणि प्रथमच पाठ पूर्ण टेकून बसले.